स्विचमधला लूप: न मरणारी फ्रेम आणि गप्प झालेला पोर्ट

बैठकीच्या खोलीत टेबलाखाली नेटवर्क केबलचे एक मोकळे टोक पडलेले असते. खोली आवरणारा माणूस ते उचलतो आणि चांगल्या हेतूने भिंतीवरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये खोचतो. त्याच केबलचे दुसरे टोक शेजारच्याच सॉकेटमध्ये आधीपासून बसवलेले आहे, हे त्याला दिसत नाही. काही सेकंदांतच त्या मजल्यावरचे संगणक अडखळू लागतात, फोनवरचे आवाज तुटतात, आणि स्विचवरचे, म्हणजे सगळ्या केबल एकत्र जोडणाऱ्या उपकरणावरचे, सगळे हिरवे दिवे एकाच लयीत, जवळजवळ न विझता, लुकलुकू लागतात. कोणतेही उपकरण बिघडलेले नसते आणि कोणतीही केबल तुटलेली नसते. प्रत्येक स्विच त्याला सांगितलेले काम अगदी नेमकेपणाने करत असतो आणि त्यामुळेच नेटवर्क कोलमडते. या प्रकाराला स्विचिंग लूप म्हणतात.

फ्रेम मरत का नाही

हे समजण्यासाठी स्विचची कामाची पद्धत आधी पाहिली पाहिजे. एखाद्या पोर्टवर, म्हणजे केबल बसवण्याच्या जागेवर, फ्रेम म्हणजे माहितीची एक तुकडी आली की स्विच तिच्यावरचा पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, वाचतो आणि ‘हा पत्ता या पोर्टच्या दिशेला आहे’ अशी नोंद आपल्या तक्त्यात करतो. मग तो घेणाऱ्याचा पत्ता पाहतो. तो तक्त्यात असेल, तर फ्रेम नेमक्या त्याच पोर्टवर जाते. पत्ता माहीत नसेल, किंवा फ्रेम सर्वांसाठी असलेली म्हणजे ब्रॉडकास्ट असेल, तर ती ज्या पोर्टवरून आली तो सोडून बाकी सगळ्या पोर्टवर तिची एकेक प्रत जाते. स्विच कोणाला काही विचारत नाही आणि फ्रेमवर स्वतःची खूणही करत नाही. त्यामुळे तीच फ्रेम पुन्हा समोर आली तरी ती आधी पाहिलेली आहे, हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो.

राउटर एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पाठवतात त्या आयपी पॅकेटची गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक आयपी पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडा असतो. तो बहुधा ६४ किंवा १२८ पासून सुरू होतो आणि प्रत्येक राउटर त्यातून १ वजा करतो. आकडा शून्यावर आला की पॅकेट टाकून दिले जाते, त्यामुळे राउटरांच्या मार्गात चूक होऊन फेरा तयार झाला, तरी त्यात अडकलेल्या प्रत्येक पॅकेटचे आयुष्य मोजकेच असते. इथरनेटच्या फ्रेममध्ये असा आकडाच नाही. फेऱ्यात सापडलेली ब्रॉडकास्ट फ्रेम एखादा पोर्ट बंद होईपर्यंत, केबल निघेपर्यंत किंवा गर्दीत ती गळून पडेपर्यंत फिरतच राहते.

दोन स्विच दोन केबलने जोडले आहेत आणि पहिल्या स्विचवरच्या संगणकाने एक ब्रॉडकास्ट पाठवला, असे समजू. त्याच्या दोन प्रती दोन केबलने दुसऱ्या स्विचकडे जातात. पहिल्या केबलने आलेली प्रत दुसरा स्विच दुसऱ्या केबलवर परत पाठवतो आणि दुसऱ्या केबलने आलेली पहिल्या केबलवर. दोन प्रती परस्परविरुद्ध दिशांनी फिरू लागतात आणि दर फेरीत दोन्ही स्विचवरच्या प्रत्येक संगणकाला आपल्या प्रती देत जातात. तिसरी केबल जोडली की हिशेबच बदलतो, कारण एका केबलने आलेली प्रत आता उरलेल्या दोन केबलवर जाते आणि दर टप्प्याला प्रतींची संख्या दुप्पट होते. सुरुवातीच्या ३ प्रती २० वेळा दुप्पट झाल्या की कागदावरचा आकडा ३१ लाखांच्या पुढे जातो. प्रत्यक्षात केबलची क्षमता त्याच्या आधीच संपते. १ गिगाबिटच्या जोडणीवर सर्वांत लहान म्हणजे ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला जास्तीत जास्त १४,८८,०९५ जाऊ शकतात, आणि एका ब्रॉडकास्टपासून त्या मर्यादेपर्यंत पोहोचायला निमिषाचाही वेळ पुरतो. यालाच ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात.

या वादळाचा मार संगणकांनाही बसतो. दुसऱ्या कोणासाठी असलेली फ्रेम संगणकाचे नेटवर्क कार्ड स्वतःच टाकून देते, पण ब्रॉडकास्ट हा ‘माझ्यासाठीच’ मानून तो प्रोसेसरपर्यंत पोहोचवावा लागतो. शिवाय एकाच संगणकाच्या पत्त्याच्या फ्रेम दोन वेगवेगळ्या दिशांनी येऊ लागल्यामुळे स्विचचा तक्ताही खोटा पडतो. तो पत्ता एका क्षणी पहिल्या पोर्टवर दिसतो आणि पुढच्याच क्षणी दहाव्यावर. पत्त्याच्या या उड्यांना मॅक फ्लॅपिंग म्हणतात, आणि पुढे लूप शोधताना हाच सर्वांत मोलाचा पुरावा ठरतो.

स्पॅनिंग ट्री आणि तिचा गृहीत धरलेला धोका

मग दोन स्विचमध्ये एकच केबल ठेवावी, हा उपाय सुचणे साहजिक आहे. पण ती एक केबल तुटली की पलीकडचे सगळे बंद पडते. पर्यायी मार्ग हवा आणि फेराही नको, या पेचावरचे उत्तर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना शोधले. ते स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल या नावाने ओळखले जाते. १९९० मध्ये ते आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२.१डी या मानकात आले. केबल हव्या तितक्या जोडाव्यात, पण एका वेळी वाहतुकीसाठी त्यांतल्या इतक्याच खुल्या ठेवाव्यात की कुठूनही कुठे जाण्याचा मार्ग एकच राहील, ही त्यामागची कल्पना आहे. उरलेले पोर्ट रोखून ठेवायचे आणि चालू मार्ग तुटला तरच उघडायचे.

त्यासाठी स्विच आधी आपल्यातला एक मुख्य निवडतात. त्याला रूट ब्रिज म्हणतात. प्रत्येक स्विचचा प्राधान्याचा एक आकडा असतो, कारखान्यातून येताना तो ३२७६८ असतो, आणि ज्याचा आकडा सर्वांत लहान तो रूट होतो. आकडे सारखे असतील तर लहान मॅक पत्ता असलेला स्विच जिंकतो. इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कोणीही आकडा बदलला नाही, तर निवड केवळ मॅक पत्त्यावर होते, आणि जुन्या स्विचचा मॅक पत्ता पुष्कळदा लहान असतो. म्हणून अडगळीतल्या एखाद्या जुन्या, मंद स्विचकडे सगळ्या इमारतीच्या वाहतुकीचे केंद्रपद जाते आणि ते वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही. मधल्या मुख्य स्विचला ४०९६ आणि त्याच्या जोडीदाराला ८१९२ असे आकडे हाताने द्यावेत. हे आकडे ४०९६ च्या पटीतच द्यावे लागतात.

रूट ठरला की बाकीचा प्रत्येक स्विच त्याच्यापर्यंतचा स्वस्त मार्ग शोधतो. जुन्या मापात १०० मेगाबिटच्या जोडणीची किंमत १९, १ गिगाबिटची ४ आणि १० गिगाबिटची २ धरली जाते. स्वस्त मार्गाचा पोर्ट खुला राहतो आणि फेरा पूर्ण करणारा पोर्ट रोखला जातो. ही सगळी बोलणी बीपीडीयू नावाच्या छोट्या संदेशांतून होतात, आणि हे संदेश दर २ सेकंदांनी जातात.

रोखलेला पोर्ट रोखलेला राहतो, तो या संदेशांच्या आधारावर. तो वाहतूक सोडत नाही, पण ऐकत असतो. समोरून दर २ सेकंदांनी संदेश येत आहेत, म्हणजे पलीकडे खुला मार्ग आहे, म्हणून आपण बंद राहायचे, एवढेच त्याला माहीत असते. मूळ प्रोटोकॉलमध्ये २० सेकंद संदेश आला नाही, तर मार्ग तुटला असे तो मानतो आणि ऐकण्याचे १५ व शिकण्याचे १५ सेकंद घालवून खुला होतो. म्हणजेच स्पॅनिंग ट्रीमध्ये मौनाचा अर्थ परवानगी असा आहे. केबल खरोखर तुटली असेल तर हा अर्थ बरोबर ठरतो. पण संदेश दुसऱ्याच कारणाने येईनासे झाले असतील आणि वाहतूक मात्र चालू असेल, तर याच नियमाने फेरा पूर्ण होतो आणि लूपपासून वाचवणारी यंत्रणा स्वतःच लूप उघडते. प्रतिबंधाचे जवळजवळ सगळे उपाय या एका गृहीताभोवती रचलेले आहेत, आणि ते ध्यानात ठेवले तर कोणता उपाय कुठे लावायचा हे पाठ करावे लागत नाही.

संदेश येईनासे कसे होतात? फायबरच्या जोडणीत जाण्याचा आणि येण्याचा असे दोन वेगळे धागे असतात. त्यांतला एकच तुटला की एका बाजूला सगळे ठीक वाटते आणि दुसरी बाजू बहिरी होते. कधी स्विचचा प्रोसेसर इतका दमलेला असतो की त्याला वेळेवर संदेश पाठवता येत नाहीत. कधी नेटवर्क इतके पसरलेले असते की संदेश टोकापर्यंत पोहोचेतो शिळे होतात, कारण मानकातले वेळेचे आकडे कोणत्याही दोन टोकांमध्ये जास्तीत जास्त ७ स्विच धरून काढलेले आहेत. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनमधील बेथ इस्राएल डीकनेस या रुग्णालयाचे नेटवर्क सुमारे चार दिवस कोलमडलेले होते आणि कर्मचाऱ्यांना कागदावर कामे करावी लागली होती. स्पॅनिंग ट्रीच्या मर्यादेबाहेर वाढत गेलेले सपाट, म्हणजे राउटरने भाग न पाडलेले, नेटवर्क हे त्यामागचे मूळ कारण होते, आणि रुग्णालयाने स्वतःच ते उघडपणे सांगितले, म्हणून आज आपल्याला त्यातून शिकता येते.

२००१ मध्ये रॅपिड स्पॅनिंग ट्री म्हणजे ८०२.१डब्ल्यू आले. त्यात शेजारी स्विच एकमेकांशी थेट प्रस्ताव आणि संमती यांची देवाणघेवाण करतात, त्यामुळे ५० सेकंदांचे काम बहुधा एका-दोन सेकंदांत होते. लागोपाठ ३ संदेश चुकले की शेजारी गेला असे मानले जाते. जुनी आवृत्ती चालू ठेवण्याचे आज काहीही कारण नाही. पण मौनाचा अर्थ रॅपिडमध्येही तोच आहे.

कुठे काय लावावे

संगणक, प्रिंटर, कॅमेरे जिथे जोडले जातात त्या पोर्टवर बीपीडीयू येण्याचे कारणच नसते. म्हणून अशा पोर्टना एज किंवा पोर्टफास्ट ठरवावे, म्हणजे ते लगेच खुले होतात, आणि त्यासोबत बीपीडीयू गार्ड न चुकता लावावा. मग त्या पोर्टवर एक जरी संदेश आला, तरी तिथे कोणीतरी स्विच जोडला आहे किंवा केबल फिरून परत आली आहे, असे समजून पोर्ट पूर्ण बंद केला जातो. सुरुवातीच्या प्रसंगातल्या त्या दोन सॉकेटना ही व्यवस्था असती, तर स्विचला आपलाच संदेश परत मिळाला असता, पोर्ट बंद झाला असता आणि वादळ उठलेच नसते. त्याच्याशी नामसाधर्म्य असलेला बीपीडीयू फिल्टर मात्र पोर्टवर हाताने लावला, तर नेमके उलटे करतो. तो संदेश पाठवतही नाही आणि ऐकतही नाही, म्हणजे त्या पोर्टपुरती स्पॅनिंग ट्री बंदच होते. नाव सारखे वाटले म्हणून फिल्टर लावलेला आणि त्यातून लूप झालेला मी प्रत्यक्ष पाहिला आहे.

फायबरच्या अपलिंकवर, म्हणजे स्विचला मुख्य स्विचशी जोडणाऱ्या केबलवर, लूप गार्ड लावावा. संदेश थांबले तर पोर्ट उघडण्याऐवजी तो अडवून ठेवायचा, असा मौनाचा उलट अर्थ तो पोर्टला शिकवतो. एकाच दिशेने चालू राहिलेली फायबर ओळखण्यासाठी यूडीएलडीसारखी सोय असेल, तर तीही सोबत चालू करावी. मुख्य स्विचवरून खाली जाणाऱ्या पोर्टवर रूट गार्ड असला, की खालून आलेला कोणताही स्विच रूटपद हिसकावू शकत नाही.

सर्वांत अवघड जागा आहे ती टेबलाखालच्या छोट्या, व्यवस्थापन नसलेल्या स्विचची. त्याला स्पॅनिंग ट्री कळत नाही. असे काही स्विच बीपीडीयू साध्या फ्रेमप्रमाणे पुढे पाठवतात. त्याच्याच दोन पोर्टमध्ये केबल लागली, तर वरच्या स्विचचा संदेश फिरून त्याच्याकडेच परत येतो आणि बीपीडीयू गार्ड आपले काम करतो. पण मानकानुसार हे संदेश ज्या राखीव पत्त्यावर जातात त्या पत्त्याच्या फ्रेम स्विचने पुढे पाठवायच्या नसतात, आणि काही छोटे स्विच हा नियम पाळतात. अशा वेळी छोट्या स्विचच्या पोटात फेरा धो-धो वाहत असतो, त्यातले ब्रॉडकास्ट वर येत राहतात, आणि वरच्या स्विचला मात्र परत आलेला एकही संदेश दिसत नाही. इथे स्पॅनिंग ट्री असहाय असते. उपयोगी पडते ती लूप डिटेक्शनची सोय, जी अनेक कंपन्यांच्या स्विचमध्ये असते. ती साध्या फ्रेमसारखी दिसणारी एक चाचणी फ्रेम सोडते आणि ती परत आली तर पोर्ट बंद करते. शेवटची भिंत म्हणून स्टॉर्म कंट्रोल असावा, म्हणजे पोर्टवर आत येणारे ब्रॉडकास्ट ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की ते टाकून दिले जातात किंवा पोर्टच बंद होतो. ही मर्यादा अंदाजाने घालू नये. काही दिवस नेहमीचे ब्रॉडकास्ट मोजावेत आणि त्याच्या पुरेशी वर ती ठेवावी, नाहीतर सकाळी सगळे संगणक एकदम चालू होताना पत्ते मागणारे खरे संदेशही अडतील.

आणखी दोन जागा सहज निसटतात. टेबलावरच्या आयपी फोनला दोन पोर्ट असतात, एक भिंतीसाठी आणि एक संगणकासाठी. दोन्ही भिंतीला जोडले की फोन हाच लूपचा दुवा बनतो. दुसरी जागा आहे दोन केबल एकत्र बांधून क्षमता वाढवण्याची. एका बाजूच्या स्विचवर त्या बांधलेल्या आणि दुसऱ्या बाजूला सुट्याच राहिल्या, तर फेरा होऊ शकतो. म्हणून बांधणी हाताने ठरवून टाकण्यापेक्षा एलएसीपीने, म्हणजे दोन्ही स्विचनी आपसात बोलून बांधणी ठरवण्याच्या प्रोटोकॉलने, करावी, म्हणजे दोन्ही बाजूंची संमती मिळेपर्यंत ती चालूच होत नाही.

लूप लागलाच तर

एका कार्यालयात सकाळच्या कामाच्या वेळी अचानक सगळे ठप्प झाले, तेव्हा आम्ही मुख्य स्विच बंद करून पुन्हा चालू केला. पाच मिनिटे सगळे ठीक वाटले आणि मग वादळ परत आले. आम्ही पुन्हा तेच केले. त्यात पाऊण तास गेला, आणि त्याहून वाईट म्हणजे स्विचच्या स्मृतीतल्या लॉग नोंदी, ज्यांत लूपची दिशा स्पष्ट लिहिलेली होती, दोन्ही वेळा पुसल्या गेल्या. स्विच पुन्हा चालू केल्याने लूप जात नाही, कारण लूप केबलमध्ये असतो. तेव्हापासून माझा आग्रह असतो की लॉग वेगळ्या सर्व्हरवर जात राहिले पाहिजेत, आणि प्रत्येक मुख्य स्विचजवळ कन्सोल केबल, म्हणजे संगणक थेट स्विचला जोडून त्याच्याशी बोलण्याची केबल, टांगलेली असली पाहिजे, कारण वादळाच्या वेळी नेटवर्कमधून स्विचपर्यंत पोहोचता येईलच असे नाही.

कन्सोलवर पोहोचल्यावर आधी मॅक फ्लॅपिंगच्या नोंदी पाहाव्यात. अमुक पत्ता या पोर्टवरून त्या पोर्टवर गेला, अशी ती नोंद असते. तीत आलेल्या दोन पोर्टपैकी एक बहुधा त्या संगणकाच्या खऱ्या जागेकडे जातो आणि दुसरा लूपकडे. वायफायवर फिरणारे फोन किंवा एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हलवलेले आभासी सर्व्हर यांच्यामुळेही अधूनमधून अशा नोंदी येतात. त्यांची संख्या थोडी असते, तर लूपमध्ये अनेक पत्ते एकाच वेळी अखंड उड्या मारत असतात.

त्यानंतर पोर्टचे आकडे. इथे नवखा माणूस हमखास चुकतो, कारण वादळात बाहेर जाणाऱ्या ब्रॉडकास्टचा आकडा सगळ्याच पोर्टवर प्रचंड दिसतो. तो पाहायचाच नाही. आत येणाऱ्या ब्रॉडकास्टचा आकडा ज्या पोर्टवर मोठा आहे, लूप त्या दिशेला आहे. त्या पोर्टपलीकडच्या स्विचवर जाऊन पुन्हा हेच पाहावे, आणि असे एकेक पायरी टोकाकडे सरकत राहावे. स्पॅनिंग ट्रीच्या तपशिलात रचना किती वेळा बदलली आणि शेवटचा बदल कोणत्या पोर्टवरून आला हेही लिहिलेले असते. त्यावरून आपण योग्य वाटेवर आहोत की नाही, याची खातरजमा होते. रूट ब्रिज आपण ठरवलेलाच आहे का, हेही तिथेच दिसते.

आकडे वाचण्याइतकाही स्विच शुद्धीवर नसेल, तर हातानेच शोध घ्यावा लागतो. मुख्य स्विचवरचे अपलिंक एकेक करून काढावेत, आणि प्रत्येक केबल काढल्यावर काही सेकंद दिव्यांकडे पाहावे. योग्य केबल निघाली की लुकलुक तत्काळ शांत होते आणि त्यात शंका राहत नाही. त्या कार्यालयात तिसऱ्या केबलला दिवे शांत झाले. ती ज्या मजल्याला जात होती तिथे एका टेबलाखाली आठ पोर्टचा स्विच सापडला, आणि त्याच्या दोन पोर्टमध्ये एकाच केबलची दोन टोके होती. काढलेली प्रत्येक केबल कोणत्या पोर्टची होती हे कागदावर लिहीत जावे, नाहीतर घाईत परत लावताना दुसरा लूप तयार होतो.

लूप सापडला म्हणजे काम संपले असे नाही. स्पॅनिंग ट्री चालू असताना तो तयार झालाच कसा, या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत ती घटना बंद करू नये. उत्तर बहुधा एखाद्या पोर्टवर न लावलेला गार्ड, चुकून लावलेला फिल्टर किंवा नोंद नसलेला छोटा स्विच असे निघते. ते दुरुस्त केल्यावर आधी कळवून ठेवलेल्या शांत वेळी चाचणी घ्यावी. एका टोकाच्या स्विचच्या दोन पोर्टमध्ये मुद्दाम केबल जोडावी आणि पोर्ट किती सेकंदांत बंद होतो, लॉगमध्ये काय लिहिले जाते, सूचना कोणाला जाते हे पाहावे. मग मुख्य अपलिंक काढावा, रोखलेला पोर्ट किती वेळात खुला होतो ते मोजावे, अपलिंक परत लावल्यावर तोच पोर्ट पुन्हा रोखला गेला याची खात्री करावी, आणि हे आकडे तारखेसह त्या रॅकच्या नोंदीत लिहून ठेवावेत.